प्रश्न सोडवायचा म्हणजे काय करायचं? तत्त्वज्ञानाकडे नव्यानं वळणाऱ्यांसाठी

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ओसरला आणि कोल्हापुरातलं आमचं कॉलेज पुन्हा सुरू झालं. मी अकरावीला तर्कशास्त्र शिकवत होतो. शिरोळ तालुक्यातली एक मुलगी तास संपल्यावर थांबली. म्हणाली, "सर, नरसोबाच्या वाडीला कृष्णेचं पाणी देवळातून वाहून दक्षिण दारानं बाहेर पडलं की आम्ही सगळी आंघोळीला जातो. पुण्य लागतं म्हणतात. यंदा तेच पाणी आमच्या घरात माळ्याला टेकलं. नाववाल्यांनी माणसं घेतली, म्हशी सोडायला लावल्या. दोन्ही गेल्या. मग ते देवाचं पाणी होतं का नव्हतं?"

मी घाईनं उत्तर दिलं. पावसाचं प्रमाण, धरणांचा विसर्ग, पूररेषेतली बांधकामं. तिनं मान हलवली आणि ती गेली. मी सांगितलेलं सगळं खरं होतं, पण तिनं ते विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून तत्त्वज्ञान शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तिच्याच प्रश्नापासून शिकवतो.

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांना देव, ज्ञान, नीती, शिक्षण यांवर विचार करायचा आहे, पण पुस्तक उघडलं की दहाव्या पानावर दम लागतो. रंकाळ्याच्या कट्ट्यावर रात्री अकरा वाजता "देव आहे का रे?" म्हणून वाद घालणारेही त्यात आले. साहित्य म्हणाल तर एक वही आणि महिनाभराची सवड.

पहिली पायरी : गुंत्याचे धागे वेगळे करा

मराठीत गणित सोडवतात आणि गुंताही सोडवतात. तत्त्वज्ञ प्रश्न सोडवतो तो गुंत्यासारखा. एकेक धागा हाताशी घेऊन तो कुठून आला, कुठं अडकला ते पाहतो.

वहीच्या पानावर प्रश्न जसा ऐकला तसाच लिहा, तुमच्या शब्दांत सुधारून घेऊ नका. खाली त्यात गुंतलेले प्रश्न एकेक लिहीत जा. त्या मुलीच्या प्रश्नातून मला हे सापडले : देव आहे का? असला आणि चांगला असला, तर पूर का येऊ देतो? पाणी 'देवाचं' आहे हे आपल्याला कशावरून कळतं? माणसं आधी आणि जनावरं मागं, हे बरोबर झालं का? आणि तिच्या शिक्षकानं, म्हणजे मी, त्या क्षणी काय करायला हवं होतं? पहिले दोन देवाविषयीचे, तिसरा ज्ञानाचा, चौथा नीतीचा, शेवटचा शिक्षणाचा. एवढं सगळं तिच्या एका वाक्यात होतं.

आता प्रत्येक धाग्यापुढं लिहा : याचं उत्तर कशानं मिळेल? काही उत्तरं मोजून मिळतात, काही शब्दाचा अर्थ ठरवला की मिळतात, काहींसाठी काय महत्त्वाचं आणि काय कमी महत्त्वाचं हे तोलावं लागतं. पावसाळ्यात कोल्हापूरकर उठल्याबरोबर राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं ते बघतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. हे आकडे मोजण्यातून आले. पण '४३ ला धोका' या दोन शब्दांत मोजमापाशिवाय आणखी काहीतरी आहे. धोका कुणाला? सखल वस्तीतली कुटुंबं ती पातळी यायच्या आधीच सामान हलवायला लागतात, उंचावरच्या बंगल्याला त्या आकड्यानं काही होत नाही. आकडा नदीनं दिला, 'धोका' हा शब्द माणसांनी ठरवला. एकाच वाक्यात शिवलेली ही दोन कापडं ओळखायला शिकलात की पुढचं बरंच सोपं होतं. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्यानं १७३९-४० मध्ये हेच दाखवून दिलं : लेखक 'असं आहे' म्हणता म्हणता गुपचूप 'असं असायला हवं' वर जातात, आणि मधली उडी कुणी समजावून सांगत नाही.

दुसरी पायरी : शब्द कुठल्या अर्थानं वापरलाय ते विचारा

ही पायरी छोटी आहे, पण हिच्यावाचून निम्मे वाद फुकट जातात. 'देव' म्हटल्यावर एकाच्या डोळ्यांपुढं अंबाबाई येते, दुसऱ्याच्या जोतिबाचा डोंगर आणि गुलाल, तिसऱ्याला जगाचा निर्माता अभिप्रेत असतो, चौथ्याला निर्गुण ब्रह्म. जगाच्या निर्मात्याविरुद्ध केलेला युक्तिवाद निर्गुण ब्रह्माला लागू पडत नाही, आणि कुलदेवतेवर माया असणाऱ्या आजीला तर त्याच्याशी काही देणंघेणंच नसतं. म्हणून समोरच्याला आधी विचारा, "तुम्ही देव म्हणता तेव्हा काय म्हणता?" भांडणाच्या सुरात नको, खरंच जाणून घ्यायचं म्हणून.

तिसरी पायरी : आधी पूर्वपक्ष

आपल्या शास्त्रग्रंथांची एक शिस्त मला फार मोलाची वाटते. ग्रंथकार स्वतःचं मत सांगण्याआधी विरोधकाचं मत मांडतो. तो पूर्वपक्ष. मग त्याचं खंडन, आणि शेवटी सिद्धांत. युरोपात तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्यानंही हेच केलं. प्रत्येक प्रश्नावर तो आधी स्वतःविरुद्धचे आक्षेप लिहितो आणि मग आपलं म्हणणं.

वहीत तुम्हाला न पटणारं मत दहा ओळींत लिहा आणि ते मानणाऱ्याला वाचून दाखवा. "बरोबर, मला हेच म्हणायचंय" असं तो म्हणाला तर पायरी झाली. "असं कोण म्हणतंय?" म्हणाला तर पुन्हा लिहा. नास्तिकानं आस्तिकाची बाजू लिहावी, आस्तिकानं नास्तिकाची. माझ्या वर्गात या एका कामाला कधी कधी पंधरा दिवस लागले आहेत, आणि त्या पंधरा दिवसांचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

चौथी पायरी : देवाच्या प्रश्नापाशी

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत श्रावणात फिरा. ओळीनं गणपतीच्या मूर्ती दिसतात. मूर्ती आहे म्हणजे ती घडवणारा कुणीतरी आहे, यात शंका येत नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस मिथिलेत होऊन गेलेल्या उदयनाचार्यांचा एक प्रसिद्ध युक्तिवाद याच धाटणीचा आहे. मडकं हे कार्य आहे, त्याला कुंभार लागतो. पृथ्वी, अंकुर हीही कार्यं आहेत, म्हणून त्यांनाही जाणता कर्ता हवा. तो कर्ता म्हणजे ईश्वर.

युक्तिवाद ऐकल्यावर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. त्याचा सांधा कुठं आहे ते शोधा. इथं सांधा आहे तो मडक्यावरून पृथ्वीवर जाण्याच्या जागी. कुंभाराला मडकं करताना आपण पाहिलंय, पुन्हा पुन्हा पाहिलंय. जगं तयार होताना कुणी पाहिलीत? ह्यूमच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संवादांत हाच आक्षेप आहे. तो पुढं विचारतो, जग हे घडवलेल्या वस्तूपेक्षा उगवलेल्या रोपासारखं का नसावं? आणि जहाज जसं अनेक सुतार मिळून बांधतात, तसे जगाचे कर्तेही अनेक का नसावेत? उसाच्या फडाच्या बांधावर उभं राहून हे वाचलं तर ह्यूमचं म्हणणं चटकन पोचतं. कांडी लावलेली असते शेतकऱ्यानं, पण कांडीतून ऊस 'घडवत' कुणी बसलेलं दिसत नाही. उदयनाचार्यांचा अनुयायी यावर म्हणेल : न दिसणाऱ्या कर्त्याबद्दलच तर बोलतोय मी. अंकुर हाच तर माझा दाखला आहे. वाद इथं थांबत नाही, पण कुठल्या सांध्यावर चालू आहे ते आता तुम्हाला दिसतं.

नव्यांना आश्चर्य वाटेल अशी एक गोष्ट इथंच सांगतो. 'भारतीय तत्त्वज्ञान म्हणजे देव मानणारं' ही समजूत खरी नाही. अभिजात सांख्य हे दर्शन, म्हणजे तत्त्वज्ञानाची एक परंपरा, ईश्वरावाचून जगाचा उलगडा करतं. बौद्ध आणि जैन निर्माता ईश्वर मानत नाहीत. आणि वेद प्रमाण मानणारे, यज्ञकर्माचे कट्टर पुरस्कर्ते कुमारिल भट्ट, तेही जगाचा निर्माता नाकारतात.

आता त्या मुलीचा खरा प्रश्न. देव चांगला, तर पूर का? हा प्रश्न विचारणं म्हणजे अश्रद्धा, असं कुणी म्हणालं तर त्याला वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेली ब्रह्मसूत्रं दाखवा. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातलं चौतिसावं सूत्र या आरोपालाच उत्तर देतं : ईश्वराच्या ठायी 'वैषम्य' म्हणजे पक्षपात आणि 'नैर्घृण्य' म्हणजे निर्दयपणा आहे का? सूत्रकार म्हणतात, नाही, कारण ईश्वर सापेक्ष आहे, जीवांच्या कर्मानुसार फळ देतो. शंकराचार्यांनी भाष्यात यासाठी पावसाचाच दृष्टांत घेतलाय. ईश्वर पर्जन्यासारखा समजावा. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो. भात वेगळा आणि जव वेगळा उगवतो तो बियाण्यातल्या फरकामुळं. मग पहिलं कर्म कुठून आलं? त्यावर पुढच्याच सूत्रात उत्तर आहे : संसार अनादि आहे, पहिलं असं काही नाहीच.

उत्तर तर्कदृष्ट्या बांधेसूद आहे. ते मी शिकवतो तेव्हा पूर्ण ताकदीनं शिकवतो. पण घर वाहून गेलेल्या माणसासमोर उभं राहून ते उच्चारून बघा. "तुझ्याच मागच्या जन्मीच्या कर्मानं तुझ्या म्हशी गेल्या." ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. तत्त्वज्ञानात या जागी दोन कामं वेगळी करायची असतात. देव आणि दुःख ही दोन्ही एकत्र असू शकतात का, हा तर्काचा प्रश्न. दुःखात असलेल्या माणसाला काय म्हणावं, हा वेगळा. शिवाय कर्माचं उत्तर एक नवा प्रश्न जन्माला घालतं : ज्याची आठवणसुद्धा नाही अशा कृत्याची शिक्षा ही शिक्षा म्हणता येईल का? हा प्रश्नही वहीत लिहून ठेवा.

युरोपातही हा प्रश्न असाच पाण्यानं आणि भूकंपानं उभा केला. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बन शहर भूकंपानं हादरलं. लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमले होते. 'शक्य असलेल्या सर्व जगांत हे जग उत्तम' हा जर्मन तत्त्ववेत्ता लायब्निझ याचा १७१० मधला विचार त्यानंतर अनेकांना गिळवेना.

किरणोत्सवाबद्दलही विद्यार्थी हमखास विचारतात. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळत्या सूर्याची किरणं अंबाबाईच्या चरणांपासून वर चढत जातात. यातून काय सिद्ध होतं? मंदिर बांधणाऱ्यांना सूर्याची गती आणि दिशा उत्तम कळत होती, एवढं ठामपणे म्हणता येतं. देवी आहे हे यातून सिद्ध होत नाही, आणि नाही हेही होत नाही. त्या वेळी गर्दीत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात जे भरून येतं, तो पुरावा म्हणून तिथं आलेलाच नसतो. त्याच्यावर पुराव्याचं ओझं टाकणारा आस्तिक आणि त्याला पुराव्याअभावी हसणारा नास्तिक, दोघंही तिथं काय चाललंय ते चुकीचं वाचतात असं माझं मत आहे.

पाचवी पायरी : 'मला माहीत आहे' हे कधी म्हणायचं

ज्ञानाचा प्रश्न शिकायला कोल्हापूरइतकी चांगली जागा मला माहीत नाही, कारण इथं गुऱ्हाळं आहेत. न्यायदर्शन म्हणजे तर्क आणि ज्ञानाची साधनं यांचा विचार करणारी आपली जुनी परंपरा. तिच्यातला पाठ्यपुस्तकी दाखला आहे 'पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथं धूर आहे'. आपण पर्वत कशाला शोधायचा? दिवाळीनंतर पहाटे कुठल्याही गावाच्या वाटेनं जा. लांब फडापलीकडं धूर दिसतो आणि तुम्ही म्हणता, गुऱ्हाळ पेटलंय. चुलवाण दिसत नाही, रस आटवायची काहील दिसत नाही, तरी तुम्हाला कळतं. हे अनुमान. ते टिकतं कशावर? जिथं धूर तिथं विस्तव, या नेमानं सापडणाऱ्या सोबतीवर. तिला व्याप्ती म्हणतात.

न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं, म्हणजे प्रमाणं, मानतं : प्रत्यक्ष (इंद्रियांना थेट कळणं), अनुमान, उपमान (सारखेपणावरून ओळखणं) आणि शब्द. बौद्ध तर्कपंडित दिङ्नाग आणि धर्मकीर्ती पहिली दोनच मानतात. चार्वाक फक्त प्रत्यक्ष. चार्वाकाचा आक्षेप अनुमानाच्या मुळावर आहे : तुम्ही पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी धुराबरोबर विस्तव होता, ठीक. न पाहिलेल्या ठिकाणीही असेल हे कशावरून? पुष्कळ शतकांनंतर ह्यूमनं कार्यकारणभावाबद्दल हाच काटा टोचला.

आता वहीत हे सोडवा. पहाटे तुम्हाला फडावर पांढरट पट्टा दिसला. तुम्हाला वाटलं धूर, म्हणून तुम्ही म्हणालात, "पलीकडं गुऱ्हाळ चालू आहे." प्रत्यक्षात ते पंचगंगेवरचं धुकं होतं. पण योगायोगानं पलीकडं गुऱ्हाळ खरंच चालू होतं, त्याचा धूर तुम्हाला दिसतच नव्हता. तुमचं म्हणणं खरं निघालं, तुमच्याकडं कारणही होतं. तर मग तुम्हाला ते माहीत होतं का?

बहुतेक जण थोडं थांबून 'नाही' म्हणतात, आणि का नाही ते सांगताना अडखळतात. अडखळणं योग्यच आहे. खरी, आणि कारणानं पाठबळ दिलेली समजूत म्हणजे ज्ञान, अशी एक व्याख्या प्लेटोच्या संवादांपासून चर्चेत होती. १९६३ मध्ये एडमंड गेटियर यांनी जेमतेम तीन पानांच्या लेखात असेच दाखले देऊन तिला भोक पाडलं. पण त्याच्या कितीतरी आधी, आठव्या शतकात, धर्मोत्तर या बौद्ध पंडितानं जवळजवळ आपल्या गुऱ्हाळासारखाच दाखला दिला होता. मांस भाजायला विस्तव पेटवलाय, धूर अजून नाही, पण मांसावर घोंगावणारे कीटक लांबून धुरासारखे दिसतात आणि पाहणारा म्हणतो, तिथं विस्तव आहे. मराठी वाचकाला हे कळलं की पाश्चात्त्य आणि भारतीय असे दोन वेगळे कप्पे करून अभ्यास करायची सवय आपोआप सुटते.

गुऱ्हाळात आत गेलात तर आणखी एक गोष्ट बघा. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का पाहतो, बुडबुड्यांचा आकार पाहतो, वास घेतो. त्याला विचारलं "नेमकं कसं कळतं?" तर तो जेवढं सांगतो त्यापेक्षा त्याला कितीतरी जास्त येत असतं. 'अमुक असं आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांतला फरक गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये ठसठशीतपणे मांडला. आपल्या परीक्षा पहिल्या प्रकारचंच ज्ञान मोजतात.

राहिलं शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळणं. आपलं बहुतेक ज्ञान असंच आलेलं असतं, त्यामुळं त्याला कमी लेखू नका. न्यायदर्शन म्हणतं, आप्ताचं वचन प्रमाण. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट नीट माहीत आहे, आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुराच्या रात्री 'धरण फुटलं' असा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, तर पुढं पाठवण्याआधी हे दोनच प्रश्न विचारा. पाठवणाऱ्याला हे कसं माहीत? आणि त्याला आहे तसंच सांगायचंय का? मेसेज पाठवणारा सख्खा मामा असेल, दुसऱ्या कसोटीला उतरेलही, पण पहिल्या कसोटीवर बहुधा अडकेल.

सहावी पायरी : काय योग्य, ते कशावरून

पुन्हा त्या पुराच्या पाण्यात या. नाव पाच जणांची आहे. माळ्यावर पाच माणसं आहेत, दावणीला दोन म्हशी. आजी म्हणते, "माझी लक्ष्मी सोडून मी येत नाही." नाववाल्यानं काय करावं?

इथं उत्तर शोधण्याआधी उत्तर देण्याच्या तऱ्हा ओळखा. जॉन स्टुअर्ट मिल म्हणेल, परिणाम बघा, एकूण दुःख कशानं कमी होईल? म्हशीलाही दुःख होतं, तेही धरा. इमॅन्युएल कांट म्हणेल, माणूस कधीही केवळ साधन म्हणून वापरता येत नाही. आजीला उचलून नावेत टाकताना तिच्या 'नाही'चा मान राखला जातोय का, हा प्रश्न त्याच्या वाटेनं उभा राहतो. ॲरिस्टॉटल विचारेल, धीराचा आणि शहाणपणाचा माणूस या प्रसंगी कसा वागेल? या तिन्ही तऱ्हांनी एकच प्रसंग लिहून काढा. एखादी तऱ्हा तुम्हाला जवळची वाटेल. मग तिच्याच विरुद्ध जाणारा दाखला शोधा.

मी नेहमी देतो तो दाखला महाभारतातला. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत होतं नेहमी खरं बोलायचं. चोरांना भिऊन काही माणसं त्याच्या डोळ्यांदेखत रानात लपली. चोरांनी येऊन विचारलं, त्यानं खरं सांगितलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. याच्या समोर कांटचा १७९७ मधला निबंध ठेवा. खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारतो. कांट म्हणतो, तरीही खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही. कृष्ण आणि कांट एकाच प्रसंगावर विरुद्ध टोकांना उभे आहेत. मी कृष्णाच्या बाजूचा आहे. पण कांटची बाजू मी विद्यार्थ्यांना सहज सोडू देत नाही, कारण 'या वेळेपुरतं खोटं चालतं' ही वाट कुठवर जाते ते आपण सगळे रोज बघतो.

दुसरा प्रश्न या शहराच्या इतिहासातच आहे. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांच्या लक्षात आलं की पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतोय. कारण सांगितलं गेलं की महाराज शूद्र, त्यांना वेदोक्ताचा अधिकार नाही. त्यातून उठलेलं वेदोक्त प्रकरण महाराष्ट्रभर गाजलं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं त्यातला गाभा असा मांडावा : एखादी गोष्ट शास्त्रात आहे म्हणून योग्य ठरते, की योग्य असेल तरच शास्त्रानं ती सांगावी? प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस हेच देवांबद्दल विचारतो. देवांना प्रिय म्हणून ते पवित्र, की पवित्र म्हणून देवांना प्रिय? दुसरं उत्तर निवडलंत, तर योग्य-अयोग्याचं माप देवाच्या आणि ग्रंथाच्या बाहेर कुठंतरी आहे असं मान्य केलंत. पहिलं निवडलंत, तर देवानं उद्या अन्याय सांगितला तर तोही योग्य म्हणावा लागेल. आस्तिक माणसाचीही या प्रश्नातून सुटका नाही. त्यानं तर तो जास्तच गंभीरपणे घ्यावा.

सातवी पायरी : शिक्षण कशासाठी

१९१६ मध्ये अमेरिकेत जॉन ड्युई यांचा लोकशाही आणि शिक्षण यांवरचा मोठा ग्रंथ आला. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते आणि ड्युई त्यांचे शिक्षक. १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि आंबेडकर एका व्यासपीठावर आले.

या घटना अभिमानानं सांगून थांबू नका, त्यांच्या पोटातला प्रश्न बाहेर काढा. दंड म्हणजे जबरदस्ती. माणसाला मोकळं करण्यासाठी त्याच्या बापावर जबरदस्ती करावी का? त्या काळी ज्याचं पोर गुरं राखून घराला हातभार लावत होतं, त्याला एक रुपया ही मोठी रक्कम होती. त्याची बाजू दहा ओळींत लिहा. मग मिलकडं या. १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्यावर लिहिताना मिल सरकारच्या हस्तक्षेपाला जागोजागी विरोध करतो, पण शिक्षणाच्या सक्तीला पाठिंबा देतो. कारण मूल हे बापाच्या मालकीचा भाग नाही. पोटाला अन्न देण्याइतकंच मनाला शिक्षण देणं हेही जन्म देणाऱ्याचं कर्तव्य आहे. मात्र तोच मिल सगळं शिक्षण सरकारनं आपल्या हातात घ्यायला विरोध करतो, कारण त्यातून सगळी माणसं एका साच्यातली निघतील. सक्ती हवी, साचा नको. महाराजांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली, तिथंही हाच प्रश्न दुसऱ्या रूपात उभा राहतो : जातवार वसतिगृहांनी जात घट्ट होते, की ज्याला कुठंच थारा नव्हता त्याला पहिल्यांदा थारा मिळतो? माझा कल दुसऱ्या उत्तराकडं आहे, पण पहिल्या बाजूचं म्हणणं मी वर्गात नेहमी मांडून घेतो.

आणि शिकवणं म्हणजे काय? प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला नुसते प्रश्न विचारत भूमितीतल्या उत्तरापर्यंत आणतो. दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढायचा? मुलगा आधी ठामपणे चुकतो, मग गोंधळतो, मग सापडतं. सॉक्रेटिस सांगतो, मधला गोंधळ हा नुकसान नव्हे, त्याच्यामुळंच मुलाला शोधावंसं वाटलं. त्या मुलीपुढं मी हेच केलं नव्हतं. मी उत्तर देऊन तिचा गोंधळ बंद केला. मला विचारायला हवं होतं, "देवाचं पाणी म्हणजे काय वाटतं तुला?" आणि मग गप्प बसायला हवं होतं.

आठवी पायरी : वाचन, आणि सोबत

सुरुवात छोट्या मराठी गद्यानं करा. गोपाळ गणेश आगरकरांचे निबंध घ्या. देव, धर्म, रूढी यांवर इतकं स्वच्छ मराठी युक्तिवादी गद्य कमी आहे. आगरकर आणि टिळक यांना १८८२ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या प्रकरणातच डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, हेही वाचताना लक्षात असू द्या. एखादी संज्ञा अडली की मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे, त्यातली दर्शनांवरची नोंद वाचा. १८५० पासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर गावातच आहे, आणि शिवाजी विद्यापीठात बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचं ग्रंथालय, म्हणजे आताचं ज्ञानस्रोत केंद्र. मूळ ग्रंथाची दोन पानं वाचणं हे त्या ग्रंथावरच्या तासाभराच्या व्हिडिओपेक्षा जास्त शिकवतं, असा माझा अनुभव आहे. दोन पानांवर अडलात तर तीच दोन पानं दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा.

एकट्यानं मात्र फार दिवस करू नका. चौघं पुरेत, आठ झाले की दोघंच बोलतात आणि बाकीचे ऐकतात. त्यात वयाचा आणि श्रद्धेचा फरक असू द्या. एक नियम सगळ्यांनी पाळा : आधीच्या माणसाचं म्हणणं त्याला पटेल असं सांगितल्याशिवाय स्वतःचं बोलायचं नाही. पहिल्या आठवड्यात फारच अवघड जातं, लोक चिडतातही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आवाज खाली येतात.

पहिल्या बैठकीला देवाचा प्रश्न घेऊ नका. तिथं प्रत्येकाचं घर, आई, नवस, कुणाचं तरी आजारपण गुंतलेलं असतं आणि धागे वेगळे करायचा हात अजून बसलेला नसतो. गुऱ्हाळ आणि धुक्यापासून सुरू करा. मग नाव आणि म्हशी. मग एक रुपयाचा दंड. देवाचा प्रश्न चौथ्या बैठकीला घ्या. आणि त्या दिवशी कुणी आपल्या घरातली गोष्ट सांगायला लागलं, तर वही मिटा आणि त्याचं पूर्ण होईपर्यंत ऐका.